अंबाझरी, काटोल, खिंडसी: शिडाचे सहा दिवस

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याला निघालेल्या एका ३६ फुटी शिडाच्या बोटीवर आम्ही चौघं होतो. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास, जयगडच्या थोडं दक्षिणेला, इंजिनाचा आवाज बदलला. खोकल्यासारखे तीन-चार ठसके दिले आणि ते गप्प झालं. मुंबई सोडल्यापासून जवळजवळ सगळा वेळ आम्ही इंजिनावरच होतो, त्यामुळे ती शांतता कानाला टोचली.

वारा नव्हता असं नाही. जमिनीकडून येणारा मतलई वारा गालाला स्पष्ट लागत होता. शीड वर असतं तर बोट चालली असती. पण मेनसेलवरचं, म्हणजे मुख्य शिडावरचं, कव्हर दोन दिवसांत कोणी काढलंच नव्हतं. शीड वर ओढायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, डोलकाठीवर कुठेतरी अडकून बसला होता आणि तो कसा सोडवायचा यावर अंधारात तिघांची तीन मतं होती. डिझेलचा फिल्टर काळ्या चिकट घाणीने बुजला होता. नवा फिल्टर बोटीवर होता, पण तो घातल्यावर लाइनमधली हवा कशी काढायची हे कोणालाच येत नव्हतं. सारखा स्टार्टर मारून बॅटरी उतरली आणि दिवे मंदावले. जयगड बंदराकडे जाणारं एक मोठं जहाज इतक्या जवळून गेलं, की त्याची धडधड आमच्या बोटीच्या तळातून पायांना जाणवली. सकाळी एका ट्रॉलरच्या तांडेलाने दोर टाकून आम्हाला खाडीत ओढून नेलं. त्याने पैसे घेतले नाहीत. जाताना आमच्या गुंडाळलेल्या शिडाकडे मात्र एकदा पाहिलं.

ती नजर घेऊन मी नागपूरला परत आले. आमच्या धरमपेठेच्या गल्लीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे एंटरप्राइज जातीची जुनी छोटी बोट आहे आणि ते पोरांना अंबाझरीवर शीड शिकवतात. जयगडची सगळी हकीकत त्यांना सांगितली. इंजिन का बंद पडलं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "बंद पडल्यावर तुमच्याजवळ काय उरलं होतं, ते सांग."

येत्या २५ जानेवारीला त्याच मार्गावर, वेगळ्या बोटीवरून जायचं ठरलं आहे. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवसांची रजा टाकली. सोबतीला मावसभाऊ, वय १९, पतंगाच्या पायी वेडा. पाण्याशी त्याचा संबंध आतापर्यंत पोहण्यापुरताच.

पहिला दिवस: धरमपेठ

पहिल्या दिवशी पाणी दिसलं नाही. सकाळी तर्री-पोहे झाले आणि काकांनी जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद पसरला.

"टाकीत डिझेल किती मावत होतं?"

"दीडशे लिटर."

"ताशी किती लागत होतं?"

"पाच नॉटला साधारण तीन लिटर."

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. म्हणून ५० तास आणि २५० सागरी मैल. मुंबई-गोवा अंतर सव्वादोनशेच्या घरात. समुद्र सपाट, समोरून वारा नाही, प्रवाह विरुद्ध नाही, इतकं सगळं जुळून आलं तर जेमतेम पोचायचं, तेही गरजेला काही हाताशी न ठेवता. आणि हे किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचं गणित. काकांनी खाली दुसरी ओळ लिहिली: कॅनरी बेटं ते कॅरिबियन, २,७०० मैल. टाकी तीच.

"अडीचशे मैल इंजिन नेते, असं धरू. बाकीचे चोवीसशे पन्नास कोण नेते?"

मी काही बोलले नाही. हे गणित चौथीतल्या पोराला जमेल, पण बोटीवर ते आमच्यापैकी कोणीही मांडलं नव्हतं. चावी फिरवली की निघायचं, ही गाडीची सवय आम्ही समुद्रावर नेली होती. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. समुद्राला कडा नसते.

मग काकांनी मला आमची ती बोट आठवणीतून तपासायला लावली. बंदर सोडण्याआधी प्रत्येक शीड एकदा वर चढवून पाहिलं होतं का? नाही. शीड कमी करायचे दोर, रीफचे दोर, जागेवर ओवलेले होते का? माहीत नाही. नांगर दोन मिनिटांत पाण्यात टाकता आला असता का? नाही, त्याची साखळी लॉकरमध्ये सामानाखाली होती. प्रत्येक 'नाही' काकांनी कागदावर लिहून घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. कंपाउंडर केसपेपर भरतो तसे ते लिहीत होते.

दुपारी शिवणकाम. शीड फाटलं तर समुद्रावर शिंपी नसतो, म्हणून काकांनी जुन्या शिडाचा तुकडा, जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा पुढे ठेवला. या पट्ट्याने सुई तळहाताच्या जोराने रेटता येते. मी वीतभर शिवलं. काकू स्वयंपाकघरातून आल्या, कापड उजेडाला धरलं आणि म्हणाल्या, "हे टाके ओढले की कापड चुरगाळते गं. गोधडी कधी पाहिली नाही का शिवताना?" त्यांनी माझं सगळं उसवलं आणि टाका कुठे सैल सोडायचा, कुठे आवळायचा, दोन टाक्यांत किती अंतर ठेवायचं ते दाखवलं. काकांचे तीस वर्षांचे टाके आणि काकूंचे टाके शेजारी शेजारी ठेवले, तर काकूंचे सरस होते. काकांनी ते मोकळेपणाने मान्य केलं.

दुसरा दिवस: अंबाझरी

सकाळी सातला तलावावर धुकं होतं आणि पाणी ताटासारखं सपाट. नाग नदी अडवून केलेला हा तलाव एरवी असाच निजलेला असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो सांडव्यावरून उसळून खालच्या वस्त्यांत शिरला, तेव्हापासून मात्र नागपूरकर त्याच्याकडे थोडं जपूनच पाहतात.

बोट जोडायला तास लागला. एंटरप्राइज १९५६ पासूनची, जॅक होल्ट यांच्या आराखड्याची, लांबी १३ फुटांहून जरा जास्त, शिडं निळी. डोलकाठी उभी करा, तिचे तारेचे ताण बसवा, बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, लावा, मेनसेल चढवा, पुढचं छोटं शीड, म्हणजे जीब, चढवा, सुकाणू अडकवा, मधली फळी खाली सोडा. काकांनी हे सगळं तीन वेळा उतरवून पुन्हा जोडायला लावलं. तिसऱ्या वेळी डोळ्यांना रुमाल बांधून. हॅलयार्ड हाताला कसा लागतो, कुठून येतो, कुठल्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, जातो हे बोटांना कळेपर्यंत. मला राहून राहून जयगडची रात्र आठवत होती. तिथेही हेच काम होतं, फक्त रुमालाऐवजी काळोख होता.

दहानंतर वारा आला. तो आधी पाण्यावर दिसला नाही, आकाशात दिसला. संक्रांत आठवड्यावर आलेली, त्यामुळे तलावापलीकडच्या गच्च्यांवरून पतंग चढू लागले होते. मावसभावाने हात डोळ्यांवर धरला आणि म्हणाला, "वर उत्तरेचा आहे. खाली अजून लागला नाही. दहा मिनिटं." नवव्या मिनिटाला पाण्यावर काळपट सुरकुत्यांचा पट्टा पुढे सरकत आला.

त्या दिवशी मी पोराकडूनच शिकले. शिडाचा दोर, ज्याला शीट म्हणतात, त्याच्या हातात दिला आणि त्याने तो मांजा धरावा तसा धरला. वाऱ्याचा झोत आला की ढील, पडला की खेच. मी दोर घट्ट आवळून बसायची, त्यामुळे झोत आला की बोट कलंडायची आणि मी सुकाणूशी झटायची. तो शिडाच्या कडेकडे पाहत होता. कड थरथरली की दोन बोटं खेच, शीड ताठ दगडासारखं झालं की दोन बोटं ढील. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. नागपूरच्या महाल वस्तीतल्या गच्चीवर दहा वर्षं त्याने वाऱ्याशी हेच बोलणं केलं होतं. काका किनाऱ्यावरून ओरडले, "त्याचा हात पाहून राहिली ना? तसं!"

वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून तिरकं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं. सांडव्याकडून समोरच्या झाडीपर्यंतचा सरळ रस्ता आम्ही नागमोडी कापला. पहिल्या खेपेला २२ वळणं लागली. दुपारच्या शेवटच्या खेपेला नऊ. वारा तोच, बोट तीच. प्रत्येक वळणात आधी आम्ही थांबून जात होतो, नंतर वेग राखून वळू लागलो. इतकाच फरक.

मध्येच बोट जड झाली. सुकाणूला जलपर्णीची लांब मुळं गुंडाळली होती. हात घालून ती सोडवताना काकांनी आदल्या दिवशी सांगितलेलं आठवलं: कोकण किनाऱ्यावर बोटीच्या पंख्यात तुटक्या जाळ्याचा दोर अडकणं ही नित्याची गोष्ट आहे. पंख्यात दोर गुंतला की इंजिन कितीही चांगलं असो, ते थांबवावंच लागतं. मग कोणी सुरी घेऊन पाण्यात उतरायचं आणि तोवर बोट शिडावर स्थिर धरायची.

चार वाजता मुद्दाम बोट उलटवली. पाणी बर्फासारखं. मधल्या फळीवर उभं राहून बोट सरळ करायची, आत चढायचं, पाणी उपसायचं आणि पुन्हा शीड धरायचं. पहिल्यांदा ११ मिनिटं लागली, पाचव्यांदा तीन. घरी आल्यावर काकूंनी आल्याचा चहा आणि गरम गोळाभात पुढे केला. मला तो दिवस अजून जिभेवर आठवतो.

तिसरा दिवस: पुन्हा धरमपेठ

दिवसभर वारा नाही. धुकं अकरापर्यंत. गाठी मारल्या, सोडल्या, पुन्हा मारल्या.

संध्याकाळी गच्चीवर काका बोलायला लागले. आंग्र्यांच्या गलबतांना शिडं होती, तशी चाळीस-पन्नास वल्हीही होती. वारा पडला की परदेशी मोठी जहाजं जागच्या जागी अडकायची, आणि तेव्हाच गलबतं वल्ह्यांवर त्यांच्या मागच्या बाजूला जायची. तिथे मोठ्या जहाजाच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. "त्यांनी वारा पडण्याची तयारी करून ठेवली होती," काका म्हणाले. "आज आपण त्या तयारीला इंजिन म्हणतो. चांगली गोष्ट आहे. बंदरात शिरायला, अरुंद खाडीत, माणूस पाण्यात पडला तर, इंजिन पाहिजेच. पण गलबतावरचा तांडेल शीड विसरला नव्हता."

मग सुहेलीचा विषय निघाला. ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. सागवान म्हटलं की आम्हा विदर्भाच्या माणसांचा जीव तिथे गुंततो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये तिच्यावरून एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले. वाटेत स्वयंचलित सुकाणू मोडलं, रेडिओ बंद पडला, पिण्याचं पाणी खराब झालं. एकेक यंत्र गळत गेलं आणि तरी बोट चालत राहिली, कारण ती शिडावर चालत होती आणि शीड शिवता येत होतं.

आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. त्यांच्या प्रवासाइतकीच मला त्याआधीची वर्षं मोलाची वाटतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बोट बांधली जात असताना दोंदे तिच्या बांधणीत सोबत होते. कुठला नट कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस समुद्रात गेला. त्याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला, मध्ये कुठेही न थांबता, मुंबईलाच परतले. २०१८ च्या सप्टेंबरात, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची बोट 'थुरिया' उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तोच माणूस २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला. तयारी चोख असूनही समुद्र हरवू शकतो, हे थुरियाने दाखवलं. काका ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात.

जाता जाता त्यांनी एक प्रश्न दिला. "जयगडला रात्री अडीचला वारा कुठून होता म्हणालीस?"

"जमिनीकडून."

"का?"

शाळेतलं उत्तर दिलं. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे. मतलई वारे.

"हं. लक्षात ठेव," म्हणाले आणि खाली गेले.

चौथा दिवस: काटोल

इंजिनाचा दिवस. काकांच्या मेव्हण्यांचा काटोलच्या पुढे संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहार संपला होता, मृग बहाराची फळं रंग धरू लागली होती. विहिरीवर विजेचा पंप आहे, पण लाइन गेली की कामाला यावं म्हणून एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन शेडमध्ये ठेवलेलं आहे. त्यांना मामा म्हणायचं आम्ही ठरवलं. मामांनी आधी सगळ्यांना संत्री दिली, मग इंजिनावरचं पोतं काढलं.

काकांनी त्यांना सांगून टाकी मुद्दाम कोरडी होईपर्यंत इंजिन चालवलं. ते ठसके देत बंद पडलं. मी दचकले. तोच आवाज होता.

"आता डिझल टाकलं तरी नाही चालू होत हे," मामा म्हणाले. "हवा धरली त्यानं."

टाकी, तिथून फिल्टर, तिथून पंप, तिथून सिलिंडरच्या डोक्यावरचा इंजेक्टर. डिझेल दाबता येत नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो. हवा दाबली जाते. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि डिझेल फवारलंच जात नाही. मामांनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू पाऊण फेरा सैल केला. आधी फेस आला, मग फेसाळ डिझेल, मग बुडबुड्यांची एक ओळ, आणि शेवटी काचेसारखी अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळला. मग हेच पंपाजवळ, मग इंजेक्टरच्या नटाशी. १३ नंबरचा पाना आणि एक चिंधी, एवढंच लागलं. मग मी हँडल मारलं. डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, खटका वर धरून चाकाला गती द्यायची आणि मग खटका सोडायचा. तिसऱ्या खेपेला इंजिनाने धूर सोडला आणि ते लागलं. मला एकदम रडू आलं. मामांना वाटलं धूर डोळ्यांत गेला.

जयगडला आमच्याकडे पाना होता, फिल्टर होता, तीन तास होते. नव्हता तो हा अर्ध्या तासाचा धडा.

नंतर मामांनी डिझेलच्या ड्रमच्या तळाशी नळी घालून काचेच्या बरणीत थोडं ओढलं आणि बरणी उन्हात ओट्यावर ठेवली. दहा मिनिटांत खाली पाण्याचा बोटभर थर, वर सोनेरी डिझेल, आणि दोघांच्या मधोमध सायीसारखा काळपट चिकट पापुद्रा. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे हे शेवाळासारखं जंतूंचं जाळं वाढतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतली वाफ थंडीने पत्र्यावर जमते आणि पाणी वाढतं. शेतात ड्रम हलत नाही, म्हणून घाण तळाशी पडून राहते. समुद्रात बोट दिवसरात्र डोलते, ती सगळी घुसळून वर येते आणि थेट फिल्टरमध्ये जाते. म्हणून इंजिन बहुधा तेव्हाच बंद पडतं जेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि त्याची सर्वांत जास्त गरज असते. मी ती बरणी हलवली. पापुद्रा तुटून सगळ्या डिझेलभर पसरला. त्या रात्री आमच्या टाकीत काय झालं होतं, ते मला काचेतून दिसलं.

निघताना मामा म्हणाले, "बॅटरीवर चालू होनारं इंजिन म्हंजे दोन मशिनी. एक बिघडली तरी दोनी गेल्या." मी ते वहीत लिहून घेतलं.

पाचवा दिवस: रामटेक, खिंडसी

ट्रेलरवर बोट बांधून पहाटे निघालो. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. गडमंदिर धुक्यातून वर आलेलं दिसलं तेव्हा मावसभावाने हात जोडले. खिंडसी अंबाझरीहून कितीतरी मोठं आणि भोवती डोंगर, त्यामुळे वारा खिंडींतून वाकून येतो. बोटिंगवाल्यांशी काकांची जुनी ओळख. त्यांची मोटारबोट किनाऱ्याला तयार ठेवली, लाइफजॅकेटचे पट्टे काकांनी स्वतः ओढून पाहिले.

दुपारी वारा अचानक वाढला, पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले. रीफ करायचं, म्हणजे शीड अर्धवट उतरवून खालचा भाग बूमला बांधायचा. काकांचा नियम: रीफ करू का, असा विचार मनात आला की तीच वेळ. नंतर तेच काम दुप्पट अवघड होतं. आम्ही तो विचार दोनदा केला आणि दोनदा टाळला. तिसऱ्या झोताला बोट अर्धी भरली.

मग काकांनी सांगितलेलं आठवलं. जीब वाऱ्याच्या उलट अंगाला ताणून धरलं, मेनसेल ढिलं सोडलं, सुकाणू उलट बाजूला दाबून ठेवलं. बोट शांत झाली. झटापट करत असलेलं जनावर पाठीवर हात पडल्यावर थांबतं, तशी ती कडेने हळूहळू सरकत राहिली. त्या उसंतीत पाणी उपसलं, रीफ बांधला, पुन्हा निघालो. महासागरात वादळात याच युक्तीने लोक तासन्‌तास बोट थोपवतात, जेवतात, झोपतातही.

उरलेला वेळ एकाच कामाला. काकांनी रिकामा तेलाचा डबा दगडाला बांधून पाण्यात सोडला. शिडावर येऊन डब्यापाशी बोट थांबवायची आणि हाताने डबा उचलायचा. ब्रेक नाही, रिव्हर्स नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जातो त्या बाजूने, यायचं, योग्य अंतरावर नाक वाऱ्यात घालायचं आणि शिडं फडफडू द्यायची. वेग आपोआप मरतो. सात वेळा चुकले. कधी डबा ओलांडून पुढे, कधी हातभर आधीच थांबून. आठव्यांदा डबा बोटीच्या अंगाला टेकला आणि भाऊ ओरडला, "ओ काट!"

सहावा दिवस: खिंडसी

शेवटच्या दिवशी काकांनी बोटीतलं वल्हं काढून स्वतःच्या खुर्चीला टेकवून ठेवलं. "समोरच्या डोंगरापर्यंत जा. परत या. मी चहा ठेवतो."

जाताना मजा आली. पावणेपाचला पलीकडे पोचलो, वळलो, आणि वारा पडला. शिडं पडद्यासारखी लोंबू लागली. सूर्य खाली चालला होता. आमचा किनारा समोर दिसत होता, काकांच्या चुलीचा धूर सरळ उभा चढत होता. धूर सरळ, म्हणजे तिकडेही काही नाही.

पहिली वीस मिनिटं आम्ही चुकीचंच केलं. सुकाणू हलवलं, जागा बदलल्या, शीट ओढल्या. प्रत्येक हालचालीने होता तो वेगही गेला. मग दोघंही वाऱ्याच्या खालच्या बाजूला सरकून बसलो, म्हणजे बोट किंचित कलते, शिडं स्वतःच्या वजनाने आकार धरतात आणि पाण्याला घासणारा तळ कमी होतो. शीट ढिली. श्वाससुद्धा हळू. बोट चालतेय की नाही हे कळायला मी संत्र्याची एक साल पाण्यात टाकली. ती बोटीला चिकटून राहिली. मग थोडी मागे पडली. वीतभर.

सूर्य गेला तसा गारवा वाढला. मी पाण्याकडे, किनाऱ्याकडे, धुराकडे पाहत होते आणि एकदम काकांचा गच्चीवरचा प्रश्न आठवला. जमीन लवकर थंड होते. डोंगराचा उतार तर त्याहून लवकर. थंड हवा जड, ती उतारावरून खाली घरंगळणार. म्हणजे वारा आता तलावाच्या मधोमध शोधायचाच नाही, डोंगराच्या पायथ्याशी शोधायचा.

"सरळ नको जाऊ," मी भावाला म्हटलं. "डावीकडे. डोंगराला चिकटून."

"लांब पडते नं ताई."

"पडू दे."

त्या वीतभर वेगाने डोंगराच्या कडेला यायला पाव तास लागला. तिथे पाणी काळं दिसत होतं आणि त्यावर बारीक सुरकुती होती. शिडाची खालची कड एकदा हलली, पुन्हा हलली. भावाने मान न वळवता दोन बोटं ढील दिली. मग बोटीच्या नाकाशी पाणी बोलू लागलं, अगदी हळू. आम्ही कडेकडेने किनारा धरून निघालो, वळसा घालून, आणि तलावाच्या मध्ये असतो तर जिथे रात्र काढली असती तिथून दूर, धूर होता तिकडे आलो. तो धूर आता आमच्या दिशेने वाकला होता.

काकांनी टॉर्च डब्यावर धरला. नाक वाऱ्यात घातलं, शिडं फडफडली, डबा अंगाला टेकला. पहिल्याच खेपेला.

त्यांनी शाबासकी दिली नाही. चहाचा ग्लास दिला आणि वही पुढे केली. "वारा किती वाजता आला? कुठून?"

बोटं गारठली होती, पेन धड धरता येत नव्हतं. लिहिलं: ६.०५, डोंगराकडून, चूल पेटल्याच्या वासासकट.